टोनी विल्यम्स कुठून ऐकायला घ्यावा? 'इमर्जन्सी!'पाशी अडकलोय

रेला

नमस्कार मंडळी. तबला बरीच वर्षं वाजवला, सध्या ड्रम्स शिकतोय. सरांनी जॅझ ड्रमर्सपैकी पहिलं नाव दिलं ते टोनी विल्यम्सचं. यादी वगैरे काही नाही, "आधी ऐक, मग बोलू" एवढंच म्हणाले.

मी 'इमर्जन्सी!' लावला. मिनिटभरात वाटलं, फाइलच खराब आहे. गिटार, ऑर्गन, झांजा सगळं एकमेकांत घुसलेलं आणि कडेला फाटलेलं. दुसरीकडून मिळवून लावलं तर तेच. मग ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 'इन अ सायलेंट वे' घेतला, कारण त्यावरही ड्रम्सपुढे याचंच नाव आणि साल तेच, १९६९. आणि तिथे हा माणूस जवळपास काहीच करत नाही! हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) बारीक चालू आहे, पाचव्या मिनिटालाही तेच, दहाव्यालाही तेच. दोन्ही मुद्रणांत जेमतेम तीन महिन्यांचं अंतर आहे म्हणे.

तर प्रश्न असे: 'इमर्जन्सी!'चं मुद्रण मुळातच तसं आहे का? दोन्हीकडे हा एकच माणूस कसा काय? तो आला कुठून, शिकला कुणाकडे, कुणाकुणाबरोबर वाजवलं? आणि तबल्यावर तयार झालेल्या कानाने नेमकं कशाकडे लक्ष द्यावं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

जुनी तबकडी

रेला, तुमची फाइल ठणठणीत आहे. 'इमर्जन्सी!' जन्मापासूनच असा आहे. मे १९६९, न्यूयॉर्क. वाजवणारे तिघेच: टोनी, इंग्लंडहून नुकताच आलेला गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिन आणि ऑर्गनवर लॅरी यंग. (मॅक्लॉफ्लिन म्हणजे पुढे झाकीर हुसेनबरोबर 'शक्ती'त वाजवणारा, तोच.) बासवाला वेगळा नाहीच, खालची बाजू ऑर्गनने सांभाळायची. या तिघांचा मिळून आवाज एवढा दांडगा की मुद्रणात तो जागोजागी फाटलाय. काही लोकांना तो फाटकेपणाच प्रिय आहे. मला नाही. लॅरी यंग तिथे जे सूर एकावर एक रचत गेलाय ते स्वच्छ ऐकायला मिळाले असते तर, अशी हळहळ मला दर वेळी वाटते. पण म्हणून तो अल्बम टाळू नका. फक्त सुरुवात तिथून नको.

आता मूळ प्रश्न, दोन्हीकडे एकच माणूस कसा. माझं स्पष्ट मत सांगतो आणि मग आयुष्याकडे वळतो: टोनी विल्यम्स आधी आख्खी रचना ऐकायचा आणि मग ठरवायचा की तिच्यात ड्रम्स किती हवेत. कधी उत्तर "सगळे" असं यायचं, कधी "फक्त हाय-हॅट", आणि एकदा तर "अजिबात नकोत" असंही आलंय. त्याचा वेग आणि हात यांबद्दल इतकं लिहिलं जातं की ही बाजू मागेच पडते.

जन्म १२ डिसेंबर १९४५, शिकागोचा. वाढला बॉस्टनमध्ये. वडील टिलमन विल्यम्स सॅक्सोफोन वाजवायचे आणि पोराला क्लबांत बरोबर घेऊन जायचे. आठ-नऊ वर्षांचा असताना काठ्या हातात आल्या आणि अकरा-बारा वर्षांचा होईतो मोठ्यांच्या बैठकीत बसून वाजवायला लागला. मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, फिली जो जोन्स ही त्याची दैवतं. एकेकाला आधी हुबेहूब उचलायचं, मग पुढचा, असा त्याचा रियाज. शिक्षक मिळाले ॲलन डॉसन, जे बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकवायचे. डॉसन यांची एक शिस्त होती: हातापायांचे व्यायाम चालू असताना शिष्याने त्या गाण्याची चाल तोंडाने म्हणत राहायची. म्हणजे हात काहीही करोत, डोक्यात रचना चालूच राहिली पाहिजे. टोनीच्या पुढच्या सगळ्या वाजवण्याचं मूळ मला या सवयीत दिसतं.

बॉस्टनमध्येच सॅक्सोफोनिस्ट सॅम रिव्हर्सबरोबर तो वाजवायला लागला होता. १९६२च्या शेवटी सॅक्सोफोनिस्ट जॅकी मॅक्लीनने त्याला ऐकलं आणि न्यूयॉर्कला आणलं. वय सतरा. पुढचे काही महिने बघा: १९६३च्या मार्चमध्ये पियानिस्ट हर्बी हॅनकॉकच्या 'माय पॉइंट ऑफ व्ह्यू'वर, १ एप्रिलला केनी डोरहॅमच्या 'ऊना मास'वर, ३० एप्रिलला मॅक्लीनच्या 'वन स्टेप बियाँड'वर. आणि १४ मेला माइल्स डेव्हिसबरोबर स्टुडिओत.

तो माइल्सचा अल्बम म्हणजे 'सेव्हन स्टेप्स टू हेवन'. विद्यार्थ्याने हा ऐकलाच पाहिजे, कारण एकाच तबकडीवर दोन ड्रमर आहेत. तीन संथ तुकडे लॉस एंजेलिसला झाले, त्यावर फ्रँक बटलर. तीन न्यूयॉर्कचे, त्यावर टोनी. बटलर उत्तम, नेटका, मागे राहून साथ करणारा. आणि मग शीर्षकाचा तुकडा लागतो आणि खोलीतली हवाच बदलते. दारू मिळणाऱ्या क्लबांत वयामुळे ज्याच्या प्रवेशाचे वांधे व्हायचे, तो पोरगा अमेरिकेतल्या सगळ्यात नावाजलेल्या बँडला पुढे ढकलत होता.

फेब्रुवारी १९६४ या एका महिन्यावर मी स्वतंत्र लेख लिहू शकेन. १२ तारखेला न्यूयॉर्कच्या फिलहार्मॉनिक हॉलमध्ये माइल्सच्या बँडचा कार्यक्रम झाला. मिसिसिपी आणि लुइझियानात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी व्हावी म्हणून निधी उभारायचा होता. माइल्सने परस्पर ठरवलं की मानधन घ्यायचं नाही, आणि त्यावरून बँडमध्ये चांगलीच कुरबूर झाली. सगळे तापलेल्या डोक्याने मंचावर गेले. त्या रात्रीचे संथ तुकडे 'माय फनी व्हॅलेंटाइन' नावाने निघाले आणि जलद 'फोर अँड मोर' नावाने.

'फोर अँड मोर'वरचा 'सो व्हॉट' लावा. १९५९च्या मूळ मुद्रणाच्या जवळजवळ दुप्पट लयीत आहे. आता बाकी सगळं सोडून फक्त राइड सिंबल (लय धरणारी मोठी झांज) ऐका. जॅझमध्ये राइडचा एक ठरलेला बोल असतो, टँग, टँग-ट-टँग, टँग-ट-टँग, आणि डाव्या पायाखालची हाय-हॅट दुसऱ्या-चौथ्या मात्रेला मिटते. टोनी त्या बोलातला मधला "ट" मनाला येईल तिथे काढून टाकतो. कधी चारही मात्रा सरळ, कधी "ट" सलग चार वेळा, कधी एका मात्रेवरच थांबून पुढची गाळलेली. एवढ्या लयीत प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो. काठीचं टोक झांजेवर पडल्याचा आवाज कोरडा, त्याच्याखाली झांजेची मंद गुणगुण, आणि गुणगुण दाण्यावर कधीच चढत नाही. तबल्यावर दाणेदार हात कशाला म्हणतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर तेरा दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, तोच मुलगा न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत सॅक्सोफोनिस्ट एरिक डॉल्फीच्या 'आउट टू लंच'साठी बसला. त्या अल्बमवर एकसंध चालणारी लय फारशी नाहीच. बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन, रिचर्ड डेव्हिसचा बास आणि टोनी हे तिघं लयीचे तुकडे करून एकमेकांकडे फेकतात. 'हॅट अँड बिअर्ड' ऐका, पियानिस्ट थेलोनियस मंकला उद्देशून केलेली रचना. टोनी तिथे जागा सोडतो, मोठमोठ्या जागा, आणि मग एखादाच स्नेअरचा फटका असा येतो की त्याच्याशिवाय ती ओळ पुरी झाली नसती असं वाटावं. आदल्या पंधरवड्यात 'सो व्हॉट' उडवणारे हेच हात. वय अठरा. डॉल्फी त्याच जूनमध्ये बर्लिनमध्ये वारला.

जेवणाची वेळ झाली, उरलेलं नंतर लिहितो.

अनवट

जुनी तबकडींनी छान लिहिलंय. एक भर घालतो. १९६४च्या उन्हाळ्यात सॅक्सोफोनिस्ट जॉर्ज कोलमनने माइल्सचा बँड सोडला, तेव्हा टोनीने आपल्या बॉस्टनच्या जुन्या जोडीदाराचं, सॅम रिव्हर्सचं, नाव सुचवलं. रिव्हर्स जपानच्या दौऱ्यावर गेलाही. 'माइल्स इन टोकियो' हा त्याचाच पुरावा. अठरा वर्षांच्या ड्रमरच्या शब्दाला तिथे किती वजन होतं ते यावरून कळतं. पुढे सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर आला आणि मग तो प्रसिद्ध पंचकडीचा बँड जमला: माइल्स, शॉर्टर, हॅनकॉक, रॉन कार्टर, टोनी.

मात्र एक मतभेद नोंदवतो. माझ्या मते टोनी १९६९ला संपतो. नंतर तो मोठ्या आवाजात अडकला. ड्रमसेट वाढला, बास ड्रम अवाढव्य झाला, त्या राइडचा तो कोरडा दाणा गेला. १९८०च्या दशकातले अल्बम मी ऐकलेत, पियानो बिचारा ड्रम्सच्या मागून हाका मारतोय असं वाटतं. रेला, तुम्ही १९६३ ते १९६८ एवढंच नीट ऐका, जन्मभर पुरेल.

जुनी तबकडी

अनवट, तुमच्या मुद्द्याकडे येतोच, आधी राहिलेलं पुरं करतो.

रेला, तबल्याच्या कानाला सगळ्यात जवळचा दरवाजा म्हणजे 'नेफर्टिटी', जून १९६७. शॉर्टरची रचना. सोळा मात्रांचं गणित शोधू नका, पण रचनेचा मांडणीक्रम ऐकून तुम्ही दचकाल: ट्रंपेट आणि सॅक्सोफोन तीच एक चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, त्यांचा सोलो नाही, आणि त्या चालीखाली टोनी वाढवत, मोडत, पुन्हा बांधत जातो. आपल्याकडे सारंगीवर लेहरा धरलेला असावा आणि तबलजीने पेशकारापासून सुरू करावं, तसंच ते अंगावर येतं. फरक इतकाच की इथे लेहराही हलतो. माइल्स आणि शॉर्टर कधी एकमेकांच्या किंचित मागेपुढे सरकतात आणि चालीची कड धूसर होते. टोनी त्या सरकण्यालाही उत्तर देतो. शेवटच्या फेऱ्यांमध्ये टॉम्सवरून जे लोट येतात ते ऐकताना डॉसन यांची ती शिस्त आठवा. चाल डोक्यात चालू नसती तर हे शक्यच नव्हतं.

त्याच्या आधीचा 'माइल्स स्माइल्स', ऑक्टोबर १९६६. तिथे टोनी हाय-हॅट दुसऱ्या-चौथ्यावर न मिटता चारही मात्रांवर मिटायला लागला. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण त्यामुळे लयीचा कणा डाव्या पायात गेला आणि उजवा हात मोकळा झाला. पुढच्या पिढीतल्या ड्रमर्सनी ही गोष्ट उचलून धरली.

आणि १९६५च्या डिसेंबरातल्या शिकागोच्या प्लग्ड निकल क्लबातल्या दोन रात्री. माइल्स कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर परतला होता. हॅनकॉकने सांगितलेली हकिकत अशी की टोनीनेच बाकीच्यांपुढे कल्पना मांडली: लोकांची आणि एकमेकांची जी अपेक्षा असेल त्याच्या नेमकं उलट वाजवायचं. जोर चढायला लागला की आवाज खाली आणायचा, शांत झालं की उसळायचं. माइल्सला यातलं काही सांगितलं नव्हतं. आणि पोहोचून बघतात तर कंपनी मुद्रणाचं सामान लावून बसलेली. तरी माघार घेतली नाही. त्या दोन रात्रींचा पूर्ण संच १९९५मध्ये बाहेर आला. सुरुवातीला तो ऐकू नका, पण सहा महिन्यांनी जरूर ऐका.

आता तुमची कोडी. 'इन अ सायलेंट वे', १८ फेब्रुवारी १९६९. पहिली बाजू 'श्श/पीसफुल', टोनी अखंड हाय-हॅट वाजवतो. अठरा मिनिटांच्या आसपास. तुम्ही ड्रम्स शिकताय ना, एकदा मेट्रोनोम लावून अठरा मिनिटं एकाच आवाजात, एकाच लयीत, एकही सजावट न करता वाजवून बघा. मनगट चौथ्या मिनिटाला बोलायला लागतं आणि त्याहून आधी मन बोलायला लागतं. तीन-तीन कीबोर्ड आणि एक गिटार त्या पृष्ठभागावर तरंगतायत, पृष्ठभाग हलला तर सगळं बुडेल. टोनीला ते कळलं होतं. दुसऱ्या बाजूला 'इट्स अबाउट दॅट टाइम'मध्येही बराच वेळ नुसता काठावरचा टिकटिक फटका. आणि मग शेवटाकडे माइल्स वाजवत असताना एकदाच, फक्त एकदाच, टोनी सगळा सेट उघडतो. कान टवकारून त्या जागेची वाट बघा. आधीचा सगळा संयम कळल्याशिवाय त्या उघडण्याची किंमत कळत नाही.

तीन महिन्यांनी 'इमर्जन्सी!'त तो बँडचा प्रमुख होता, रचनाही बऱ्याच त्याच्याच, आणि त्याला तिथे ज्वालामुखीच हवा होता. हे दोन निर्णय आहेत, दोन्ही रचना ऐकून घेतलेले.

"अजिबात नकोत" असं वर म्हटलं त्याचा खुलासा: ब्लू नोट या कंपनीसाठीचा त्याचा पहिला अल्बम 'लाइफ टाइम', ऑगस्ट १९६४. सगळ्या रचना त्याच्या. शेवटचा तुकडा 'बार्ब्ज साँग टू द विझर्ड' फक्त पियानो आणि बास, हॅनकॉक आणि रॉन कार्टर. टोनी त्यावर वाजवतच नाही. अठराव्या वर्षी, आयुष्यातल्या पहिल्या स्वतःच्या अल्बमवर, ज्याच्या ड्रम्ससाठी लोक तबकडी विकत घेणार त्या माणसाने शेवटच्या तुकड्यातून स्वतःला काढून घेतलं. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर या एका गोष्टीमुळे वाटतो.

स्वरलिपी

रचनाकार टोनीचा विषय निघालाच आहे तर मी थोडं लिहिते. मी पियानो वाजवते, ड्रम्सबद्दल मत देणार नाही.

माइल्सच्या 'सॉर्सरर'वर (१९६७) 'पी वी' नावाची टोनीची रचना आहे. कागदावर उतरवून बघितली तर तिच्यातले सुरांचे बदल इतके अनपेक्षित आहेत की हाताला वळण बसेपर्यंत वेळ लागतो, आणि ऐकताना मात्र सगळं मऊ वाहतं. गंमत म्हणजे माइल्सच्या अल्बमवरच्या या तुकड्यावर माइल्स वाजवत नाही. सॅक्सोफोनच चाल म्हणतो.

'सिस्टर शेरिल' तर अनेकांना ट्रंपेटवादक विंटन मार्सालिसची रचना वाटते, कारण त्याच्या पहिल्या अल्बमवर (१९८२) ती आधी आली. आहे टोनीची, आणि त्या मुद्रणात ड्रम्सवरही तोच आहे. १९८५च्या 'फॉरिन इंट्रीग'वर त्याने ती पुन्हा घेतली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो कॅलिफोर्नियाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहायला गेला आणि तिथे रॉबर्ट ग्रीनबर्ग यांच्याकडे रीतसर रचनाशास्त्र शिकला. माइल्स, डॉल्फी, हॅनकॉक यांच्याबरोबर इतकं काम केल्यावरही हा माणूस वही-पेन्सिल घेऊन विद्यार्थी म्हणून बसला! त्यातून पियानो, ड्रम्स आणि तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी 'रिच्युअल्स' ही रचना झाली. क्रोनोस क्वार्टेटने ती त्याच्या आणि हॅनकॉकच्या साथीने वाजवली. १९९६च्या 'विल्डरनेस'वर तर मोठा ऑर्केस्ट्रा आहे.

जुनी तबकडी

स्वरलिपी, 'पी वी' कागदावर उतरवायला घेणारं माणूस इथे भेटलं याचा फार आनंद झाला.

अनवट, आता तुमच्याकडे. सत्तरचं दशक सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. 'टर्न इट ओव्हर'वर (१९७०) जॅक ब्रूस आल्याने बास मिळाला, पण अल्बम तुटक आहे. 'इगो' मला आवडतो, तो फारसा कुणी ऐकत नाही. 'बिलीव्ह इट' (१९७५) मात्र पक्का, आणि ॲलन होल्ड्सवर्थची गिटार जगाने नीट ऐकली ती तिथे. 'मिलियन डॉलर लेग्ज' कमजोर. 'द जॉय ऑफ फ्लाइंग'चा तर काही मेळच लागत नाही, एका टोकाला रॉक गिटार आणि दुसऱ्या टोकाला पियानिस्ट सेसिल टेलरबरोबर जुगलबंदी. ती जुगलबंदी तेवढी सोडू नका.

पण १९८५नंतरच्या बँडवर तुम्ही अन्याय करताय. वॉलेस रोनीची ट्रंपेट, बिल पियर्सचा सॅक्सोफोन, मलग्रू मिलरचा पियानो. 'सिव्हिलायझेशन', 'एंजल स्ट्रीट', 'नेटिव्ह हार्ट', 'द स्टोरी ऑफ नेपच्यून'. ड्रम्स पुढे आहेत हे मान्य. मात्र त्यात शिस्त किती आहे बघा: तोवर तो रचना अशा लिहायला लागला होता की ड्रम्सचा मोठा आवाज त्यांत बसूनच जातो, ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या ओळींमध्ये त्यासाठी मुद्दाम दारं ठेवलेली आहेत. एकदा 'नेटिव्ह हार्ट' शांतपणे ऐका आणि मलग्रू मिलरवर लक्ष ठेवा. तो हाका मारत नाही, सवाल-जवाब करतो.

आणि शेवटचा अल्बम ऐकलात का? 'यंग ॲट हार्ट', सप्टेंबर १९९६, फक्त मिलर, बासवर आयरा कोलमन आणि टोनी. ज्याच्यावर आरडाओरड्याचा आरोप, त्याने इथे जुन्या गाण्यांखाली इतकं हलकं वाजवलंय की १९६४च्या 'माय फनी व्हॅलेंटाइन'ची आठवण यावी. त्यानंतर पाच महिन्यांत तो गेला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीत दाखल झाला होता, त्यानंतर हृदयविकाराचा झटका आला. २३ फेब्रुवारी १९९७. वय ५१. मलग्रू मिलरबरोबरचं ते त्रिकूट आणखी दहा वर्षं चाललं असतं तर काय काय ऐकायला मिळालं असतं, याचा विचार मी करायचं टाळतो, कारण मग दिवस खराब जातो.

रेला

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

'नेफर्टिटी' ऐकला. लेहऱ्याची गोष्ट वाचून ऐकल्यामुळे पहिल्या फेरीतच पकडला गेलो. तिसऱ्या की चौथ्या फेरीपासून माझं लक्ष चालीवरून उडून पूर्ण ड्रम्सवर गेलं. हाय-हॅटचा अठरा मिनिटांचा प्रयोगही केला. पुरी झाली नाहीत.

एकच विचारायचं राहिलं. अनवट म्हणतात तो "अवाढव्य" बास ड्रम आणि आधीचा, यात नेमका फरक काय? आणि तो बदलला कशासाठी?

अनवट

साठच्या दशकात त्याच्याकडे ग्रेच कंपनीचा छोटा सेट होता, बास ड्रम १८ इंची. जॅझमध्ये तो उंच सुरात लावतात, मागून मोकळा सोडतात, म्हणजे फटका "ढब्ब" न लागता सुरात घुमतो. वर २२ इंची के झिल्जियन राइड, जुन्या तुर्की बनावटीची, तोच तो कोरडा दाणा. नंतरचा सेट पिवळा, तोही ग्रेचचाच, बास ड्रम २४ इंची, फ्लोअर टॉम एकाऐवजी तीन, आणि ड्रमवर मधोमध काळा ठिपका असलेली जाड पानं. विजेवरच्या गिटारीसमोर छोटा ड्रम ऐकूच येणार नाही, म्हणून बदल सुरू झाला हे उघड आहे. माझी तक्रार ही की गिटार गेल्यावरही मोठा सेट राहिला. पण जुनी तबकडींच्या सांगण्यावरून काल रात्री 'नेटिव्ह हार्ट' पुन्हा लावला. मत अजून बदललेलं नाही, मात्र मिलरबद्दल ते म्हणतात ते बरोबर आहे. 'यंग ॲट हार्ट' माझ्याकडे नाही, मिळवतो.

जुनी तबकडी

मोठा सेट राहिला, कारण त्याला त्यातून सूर हवे होते. तीन फ्लोअर टॉम आणि तो बास ड्रम मिळून खालच्या पट्टीत त्याच्याकडे चार वेगवेगळे आवाज झाले. 'सिस्टर शेरिल'ची दोन्ही मुद्रणं पाठोपाठ ऐकलीत तर खालच्या आवाजांचा वापर कसा वाढत गेला ते कळेल.

रेला, ऐकण्याचा क्रम विचारला होतात. 'सेव्हन स्टेप्स टू हेवन', मग 'फोर अँड मोर', 'आउट टू लंच', 'नेफर्टिटी', 'इन अ सायलेंट वे', आणि मगच 'इमर्जन्सी!'. मध्ये कधीतरी 'ई.एस.पी.'वरचा (१९६५) 'ॲजिटेशन' ऐका. तो एकट्या टोनीच्या सोलोनेच उघडतो, बाकी कुणी नाही, त्यामुळे त्याचे हात सुटे ऐकायला याहून चांगली जागा नाही. सरांशी बोलायला एवढं पुरे.

स्वरलिपी

यादीत नसलेली एक गोष्ट सांगू? पब्लिक इमेज लिमिटेड या इंग्लिश रॉक बँडचं 'राइज' हे १९८६चं गाणं तुम्ही कदाचित आधीच ऐकलं असेल. त्यावर ड्रम्स टोनी विल्यम्सचे आहेत. तो अल्बम निघाला तेव्हा वेष्टनावर एकाही वादकाचं नाव छापलेलं नव्हतं, त्यामुळे ज्यांनी ते गाणं रेडिओवर ऐकून पाठ केलं त्यांतल्या बहुतेकांना कळलंच नाही की मागे कोण बसलाय.

रेला

काय सांगता! ते गाणं माझ्या कॉलेजच्या दिवसांपासूनच्या यादीत आहे. आत्ता लावतोय.